नोकरी करणाऱ्याने गाण्याच्या परीक्षा द्याव्यात का? माझं मत: अजिबात नाही

आडवी_तान

माझ्या ओळखीतल्या चाळिशी-पंचेचाळिशीच्या बऱ्याच जणांनी अलीकडे गाण्याचा क्लास लावलाय. बँकेतले, आयटीवाले, एक दंतवैद्य. लावलाच पाहिजे. पण क्लास सुरू होऊन जरा सा-रे स्थिर होतोय न होतोय तोच बाई किंवा सर विचारतात, "प्रारंभिकला बसताय ना?" आणि माणूस फॉर्म भरतो. तिथे गाणं थांबतं आणि अभ्यासक्रम सुरू होतो.

आधीच सांगते, परीक्षा पद्धतीच्या जनकांबद्दल मला आदरच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तोवर गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राबायचं आणि त्यांची मर्जी होईल तेव्हा चार सूर पदरात पाडून घ्यायचे. पलुस्करांनी वर्ग आणले, इयत्ता आणल्या, स्वरलिपी आणली, घराघरांतल्या मुलींना गाणं शिकता येईल अशी परिस्थिती आणली. ते गेले त्याच वर्षी, 1931 मध्ये, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्याच मंडळाची शिडी.

पण ही शिडी आठ-दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून चढायला बरी. त्याच्यापुढे शाळेची सगळी वर्षं पडलेली असतात. आपल्याकडे असतो जेवणानंतरचा अर्धा तास, तोही भांडी आणि ऑफिसचा कॉल यांच्या मधला. त्या अर्ध्या तासात अमुक इतके राग, प्रत्येकाचा आरोह-अवरोह, वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याच्या खालोखालचा), छोटा ख्याल, वहीत उतरवलेले आलाप, वहीत उतरवलेल्या ताना. निकाल काय? भीमपलास रागाचा वादी मध्यम (म) हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, आणि त्या मध्यमावर दोन क्षण थांबता येत नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. नोकरदाराने वर्षभर एकच राग घ्यावा. भूप घ्या. पाचच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. रोज थोडा खर्ज (खालच्या सुरांचा रियाझ), थोडे पलटे (सुरांच्या ठरलेल्या क्रमांचा सराव), बाकी वेळ भूप. जाता-येता कानात किशोरीताई आमोणकरांचा भूप, मग दुसऱ्या कुणाचा, मग तिसऱ्या कुणाचा. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, वार्षिक संमेलनात साडी नेसून तीन मिनिटं गाणं नाही. बोला.

गंधार_मास्तर

बोलतो. क्लास मीच चालवतो, तेव्हा हितसंबंध आहेत असं खुशाल समजा.

परीक्षा नसलेल्या मोठ्या विद्यार्थ्याचं वर्ष कसं जातं ते ऐका. जूनमध्ये प्रचंड उत्साह. गणपतीत सुट्टी. दिवाळीत सुट्टी. मग लग्नसराई. मग मार्च एंडिंग. मग मुलाची दहावी. पुढच्या जूनमध्ये फोन येतो, "सर, पुन्हा सुरू करायचंय." आम्ही पुन्हा सा पासून. परीक्षेची तारीख पडली की हाच माणूस मार्च एंडिंगमध्येसुद्धा आठवड्यातून दोनदा येतो. प्रमाणपत्राची मलाही किंमत नाही, तारखेची आहे.

आता तुमचा एकटा भूप. देसकार ऐकलाय? स्वर तेच. सा रे ग प ध. एकही कमी-जास्त नाही. भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. देसकार शेजारी ठेवल्याशिवाय भूप म्हणजे काय ते कळत नाही; तुम्ही वर्षभर पाच स्वरांवर फिरत राहाल आणि त्यालाच राग म्हणाल. अभ्यासक्रमात पुष्कळ राग असतात ते याचसाठी.

बोरिवली_फास्ट

मास्तर आणि ताई, दोघांनाही नमस्कार. तुम्ही नोकरदारांच्या गाण्याबद्दल बोलताय आणि लोकलमधली भजनी मंडळं कुणालाच आठवली नाहीत?

आमच्या डब्यात कोणी विशारद नाही. पोस्टातले, कोर्टातले, एक गोदीतून निवृत्त झालेले बुवा, त्यांना गाडीची सवय सुटत नाही म्हणून आठवड्यातून एकदा येतात. टाळ पिशवीत, ढोलकी वर रॅकवर. रूपाचा अभंग, मग एकेकाचे ठरलेले अभंग, गौळण, स्टेशन जवळ आलं की भैरवी. भजनी ठेका आठ मात्रांचा, पण मात्रा कुणी मोजत नाही, टाळच सांगतो. मी नवा होतो तेव्हा बरेच महिने फक्त झील ओढली, म्हणजे मागून सूर धरले. एक दिवस बुवांनी अभंगाच्या मध्यावर माझ्याकडे बोट केलं. घ्या! ना फॉर्म, ना फी. तारीख म्हणाल तर रोजच.

डबा_क्रमांक_चार

बोरिवली_फास्ट, तुमच्या भक्तीचा मान राखून सांगतो, त्याच डब्यात आम्हीही असतो. रात्रपाळी करून येणारा माणूस असतो, डोकं दुखणारी माणसं असतात. आम्ही तिकीट प्रवासाचं काढलंय, कार्यक्रमाचं नाही. आणि टाळ बंद डब्यात किती घुमतात याची गाणाऱ्याला कल्पना नसते. तुमचा आनंद खरा, पण आमच्या कानांवर उभा.

बोरिवली_फास्ट

पासवाल्यांना आमचा डबा माहीत आहे, पुढच्यात चढा की! बरं, गमतीचं सोडा. परीक्षेचा पेपर असला की मोबाईल हातात घेऊन मुलं बसतात, त्या दिवशी आम्ही टाळ काढत नाही. पण तुमची तक्रार खोटी नाही.

ट्रॅक_थोडा_खाली

मी कराओकेवाला. आता नाकं मुरडून घ्या.

आमचा ठाण्यातला ग्रुप महिन्यातून एकदा छोटा हॉल घेतो. वर्गणी काढतो, प्रत्येकाला दोन सोलो, एक ड्युएट. मूळ पट्टीतला ट्रॅक झेपत नाही, म्हणून खाली उतरवून घेतो. महिनाभर एकच गाणं गाडी चालवताना घोकतो. पन्नाशीत हा जो आनंद मिळतो तो मला कुठल्याही मध्यमावर थांबून मिळालेला नाही. आडवी_तान, तुमच्या वर्षभराच्या भूपाने घरातली माणसं घर सोडून जातील. आणि मला मैफल गाजवायची नाही, शनिवारची संध्याकाळ गाजवायची आहे. संगीताचा आनंद घ्यायला आधी पात्र व्हावं लागतं, हे कुणी ठरवलं?

गंधार_मास्तर

नाक मुरडत नाही. एकच विनंती, पुढच्या वेळी मिक्सरवरचा इको पूर्ण बंद करून एक अंतरा गा आणि रेकॉर्ड करून ऐका. इको बेसूरपणाच्या कडा घासून गुळगुळीत करतो. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही; श्वास कमी पडला की तुम्ही शब्द गिळता, आणि ती सवय लागते.

कानसेन_पुणेकर

सगळ्यांनाच शिकायची घाई का आहे? आमच्या शहरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव 1953 पासून चाललाय. त्या मंडपात बसणाऱ्यांतले बहुतेक लोक गात नाहीत, वाजवत नाहीत, आणि तरी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, हजारो माना एकदम हलतात. ही तयारी नुसतं ऐकून झालेली आहे. आठवड्यातले तीन तास क्लास आणि येण्याजाण्याच्या रहदारीत घालवण्यापेक्षा तेच तीन तास नीट बसून ऐका. नीट म्हणजे मोबाईल दुसऱ्या खोलीत. मध्यम वकुबाचे गाणारे खूप झाले, चांगले ऐकणारे कमी झाले.

झपताल_दहा

पुणेकर, अर्धवट सहमत. मी तबला शिकतो, वाईट वाजवतो, वाईटच वाजवत राहणार. पण तीनतालाच्या सोळा मात्रा हाताने घातल्यावर नवव्या मात्रेवरची खाली (टाळी न देता हात उघडा सोडायची जागा) मला गाण्यात ऐकू यायला लागली. आधी ती तिथे असूनही नव्हती. मान समेवर हलते ती बऱ्याचदा शेजारच्याची हलली म्हणून! आपली आपण हलायची असेल तर थोडं करून बघावं लागतं. संगीतसमीक्षक वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. 'घरंदाज गायकी' (1961) त्यांनी नुसती आरामखुर्चीत बसून लिहिली नाही, स्वतः तालीम घेतली होती. संगीतशास्त्रकार भातखंडेही वकील.

कानसेन_पुणेकर

अहो, वामनराव आणि भातखंडे ही उदाहरणं कुणाला देताय? रात्री पावणेदहाला हिंजवडीहून परतणाऱ्याला? गायक वसंतराव देशपांड्यांचंही नाव येईलच आता, लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून गायले म्हणून. त्यांची तालीम नोकरीच्या कितीतरी आधी, लहानपणी नागपुरात सुरू झाली होती. असामान्यांच्या दिनक्रमावरून सामान्यांना धडे देऊ नयेत.

मारवा_आणि_नाश्ता

न्यू जर्सीहून. माझा क्लास व्हिडिओ कॉलवर. शनिवारी सकाळी साडेसातला बसते, उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे पाच. गुरुजींची कातरवेळ, म्हणून ते संध्याकाळचा राग मारवा काढतात, आणि माझ्या खिडकीत कोवळं ऊन. मारव्याचा तो अस्वस्थ कोमल रिषभ आणि समोर पोहे. रागाची ठरलेली वेळ पाळणाऱ्या समयचक्रवाल्यांनी मला माफ करावं.

परीक्षेबद्दल बोलायचं तर इथे माझ्यासारख्यांना परीक्षेचा उपयोग आहे, पण वेगळ्या कारणाने. कॉलवर आवाज पोचायला जरासा उशीर होतो, त्यामुळे गुरुजींबरोबर एकत्र गाता येत नाही, ठेका सरकतो. ते गातात, थांबतात, मग मी गाते. पाठीमागून गाऊन, गुरूच्या आवाजात आवाज मिसळून जे आपोआप गळ्यात उतरतं ते इथे उतरत नाही. मग निदान वही, स्वरलिपी, ठरलेला अभ्यासक्रम तरी हातात हवा. आडवी_तान यांना समोर बसवणारे गुरू मिळाले असावेत, म्हणून वही नकोशी वाटते.

आडवी_तान

सगळं वाचलं. मास्तर, देसकाराचा मुद्दा बिनतोड, पण तो माझ्याच पारड्यात पडतो. भूप आणि देसकार शेजारी ठेवून वर्ष काढा, मी नको कुठे म्हणतेय? अभ्यासक्रमात राग शेजारी बसतात का? ते रांगेत येतात आणि परीक्षा झाली की रांगेतून जातात. तुमच्या क्लासमधून मध्यमा झालेल्या कुणालाही आज प्रवेशिकेचा राग पाच मिनिटं गायला सांगून बघा, वही न उघडता.

तारखेचं मात्र खरं आहे. माणसाला तारीख लागते. मग ती परीक्षेचीच का? दर तीन महिन्यांनी क्लासातल्याच चार जणांसमोर बसून गा. परीक्षकाच्या आधी ते चेहरे पाडतील.

पुणेकर, ऐका की खुशाल, पण "मध्यम वकुबाचे गाणारे खूप झाले" हे वाक्य मला मान्य नाही. घरात गाणारा माणूस असणं आणि चांगला गायक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कराओकेवाले दादा, तुमच्याशी माझं भांडणच नाही, मी फॉर्म भरणाऱ्यांशी बोलत होते.

गंधार_मास्तर

चार जणांसमोर गायचं आमच्याकडे आहे. त्या शनिवारी नेमकी निम्म्यांच्या घरी पाहुणे येतात. परीक्षेच्या दिवशी येत नाहीत. फी भरलेली असते.

आणि वहीपेक्षा मोठा शत्रू कुणीच काढला नाही: पेटी. रियाझात पेटीला चिकटून गाणारे सगळे, परीक्षेचे असोत वा बिनपरीक्षेचे, तिथेच अडकतात. पेटीचे स्वर समान अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. असल्याच आक्षेपांमुळे 1940 पासून तीन दशकं रेडिओवर पेटीला बंदी होती. मैफलीतली साथ वेगळी, मला पेटी प्रिय आहे. पण घरी मोबाईलवरचा तानपुरा लावा आणि पेटीचं झाकण बंद ठेवा.

ट्रॅक_थोडा_खाली

मास्तर, इको बंद करून रेकॉर्ड केलं. त्यावर इथे काही लिहिणार नाही. तानपुरा लावायचा तर कुठल्या पट्टीत? मी ग्रुपमध्ये पांढरी चार (पेटीची चौथी पांढरी पट्टी) सांगतो.

गंधार_मास्तर

सगळे पुरुष पांढरी चारच सांगतात, नाट्यसंगीताचा परिणाम. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधार-मध्यमापर्यंत गळा न ताणता जाता आलं पाहिजे. काळी एकवर लावा, जमतंय का बघा. खालचा पंचम नुसती हवा झाला तर अर्धा सूर वर चला, वरचा गंधार ओरडून लागला तर अर्धा खाली.

डबा_क्रमांक_चार

आणि रात्री दहानंतर हळू. शेजारीही आहेत.