मदत हवी आहे: पहिला नायट्रो ट्रक (मिथेनॉल-नायट्रोच्या इंधनावर चालणारा छोटा रिमोट कंट्रोल ट्रक) जुना घ्यावा की नवा?

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. पुतण्या चौदा वर्षांचा झालाय. दोन वर्षं बॅटरीची रिमोट गाडी पळवून झाली, आता त्याला धूर आणि आवाज हवाय. खरं सांगायचं तर मलाही!

एक जुना ट्रॅक्सस टी-मॅक्स ३.३ मिळतोय. काल बघून आलो. ग्लो प्लग (इंजिनात इंधन पेटवणारा प्लग) काढून आत डोकावलो, मग प्लग परत लावून थंड इंजिनाचं फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारं चाक) बोटांनी फिरवलं. पिस्टन वर पोचताना घट्ट अडकायला हवा, तो अगदी सहज फिरला. म्हणजे पिस्टन आणि तो ज्यात सरकतो ती स्लीव्ह झिजलीय ना? बाकी गाडी स्वच्छ आहे, शॉक गळत नाहीत. इंजिन बदलून घ्यावी, की सरळ नवीन गाडी घेऊन नीट ब्रेक-इन (नवं इंजिन सुरुवातीला हळूहळू चालवून रुळवणं) करावं? माझा कल नव्याकडे आहे, पण त्या गाडीवर जीव जडलाय.

दुसरं, अपग्रेड. पुतण्याला आधी रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे आर्म (चाकं धरणारे सस्पेन्शनचे दांडे) हवेत. माझ्या मते आधी चांगला एअर फिल्टर (तेल लावलेला फोम), फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला तर गाडी थांबवणारी सोय) आणि इंजिनाचं तापमान मोजायची गन. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, आत गेली की इंजिन संपलंच. बरोबर आहे का?

मे महिन्यातल्या उन्हात नीडल (कार्ब्युरेटरचा इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) किती रिच, म्हणजे जास्त इंधनावर, ठेवता? आणि इंधन कुठून आणता? मिथेनॉल असल्यामुळे कुरिअरवाले हातच लावत नाहीत. इंदूर-उज्जैनकडचे कोणी असाल तर जरूर लिहा, रविवारी भेटायलाही येईन.