गडी माणूस दवाखान्यात जात नाही, दोष कुणाचा?

बांधावरचा
गेल्या महिन्यात आमच्या काकाला लकवा मारला. वय ५२. बीपी कधीपासून होतं कुणाला माहीत नाही कारण आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं. उपकेंद्र घरापासून पाच मिनिटांवर, तिथं तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर फुकट बघतात, आशाताई दोनदा घरी निरोप ठेवून गेल्या, दोन्ही वेळा काकाचं उत्तर एकच, "मला काय धाड भरलीय". आणि हाच माणूस बैल लंगडला तर त्याच दिवशी जनावराच्या डॉक्टरला फोन लावणार. सोयी नाहीत ही रड मला आता पटत नाही, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरचे पण पैसे घेत नाहीत. गड्यांना नुसता माज आहे, दुखतंय म्हणलं की कमीपणा येतो. पटत नसेल त्यांनी बोला.

सोयाबीन_४०पोती
काकांचं वाईट झालं पण माज म्हणणं लय सोपंय भाऊ. आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सकाळची ओपीडी साडेबाराला उरकते, जायचं यायचं धरून अर्धा दिवस गेला, आणि तिथं जाऊन कळतं साहेब मिटिंगला गेलेत. केसपेपर फुकट आहे, बुडालेला रोज कोण देणार? रात्री आठला रानातनं आल्यावर उघडा असतो तो फाट्यावरचा डॉक्टर, तो सुई टोचतो, उधारी ठेवतो, सुगीला पैसे घेतो, सकाळी माणूस परत कामावर. तो खरा डॉक्टर आहे का नाही देव जाणे, पण तो आठला उघडा असतो!!

खोकला_तपासनीस
टीबीच्या कामात आहे म्हणून सांगतो, नुसतं वेळेवर ढकलू नका. २०१९ ते २१ ला देशभर टीबीचा सर्व्हे झाला, त्यात पुरुषांत टीबीचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि लक्षणं असलेल्या दर १०० पैकी साधारण ६४ जण कुठंच उपचाराला गेलेले नव्हते. का नाही गेलात म्हणून विचारलं तर बहुतेकांनी लक्षणाकडं लक्षच दिलं नाही. मी रोज हेच ऐकतो, "बिडीचा खोकला आहे ओ". गुटख्याचं तर बोलायलाच नको, राज्यात २०१२ पासून बंदी आणि आमच्याकडं पंचविशीतल्या पोरांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत, वडापाव मोडून खातात तरी दाखवायला येत नाहीत.

उपकेंद्रवाली_ताई
मी सीएचओ आहे, म्हणजे उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी. माझ्या ओपीडीत बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं, पंचवीस ते पन्नासचा गडी म्हणजे विळा लागला किंवा कुत्रं चावलं तरच. पण आमची भिंत बघा एकदा, गरोदर माता, लसीकरण, स्तनपान, सगळे तक्ते तेच, पुरुषाला वाटतं इथं आपलं काय काम. आशा जाते अकरा वाजता, तेव्हा गडी रानात. भेटला तरी मूळव्याध नाहीतर लघवीचं दुखणं गावातल्या बाईला सांगेल का? त्यासाठी आरोग्य सेवक असतो, ते पद आमच्याकडं रिकामं आहे. शेवटी मी बीपीचं मशीन घेऊन सकाळी दूध डेअरीवर बसले. पहिल्या दिवशी चेष्टा, "ताई आमचं पण फॅट लावताय का". चौथ्या दिवशी किटल्या बाजूला ठेवून लाईन. "मला काही होत नाही" वाल्यांतच चार-पाच जणांचं वरचं १६० च्या पुढं निघालं.

बांधावरचा
म्हणजे माझंच खरं ना ताई, मशीन नाकापुढं आणून ठेवल्याशिवाय हात पुढं करत नाहीत.

उपकेंद्रवाली_ताई
मग ठेवूया की नाकापुढं, त्यात माझं काय जातं. माझं दुखणं वेगळंय, गोळी चालू केली की महिन्यानं बंद करतात, "आता बरं वाटतंय" म्हणून.

माहेरवाशीण_लातूर
बायका जातात म्हणून त्यांची चैन चाललीय असं समजू नका. आम्ही जातो ते बाळंतपणाला नाहीतर लेकरू कडेवर घेऊन, स्वतःची कंबर दुखते म्हणून कोण जातंय? आणि गेल्यावर काय होतं ते बीडच्या ऊसतोड बायकांना विचारा, गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला विधिमंडळात गेलं होतं. नसबंदीचं पण तेच, २०१९-२१ च्या एनएफएचएस मध्ये (सरकारचा कुटुंब आरोग्य सर्व्हे) देशातल्या जोडप्यांत बायकांची ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुषांची बिनटाक्याची असते, गडी त्याच दिवशी घरी चालत येतो, तरी "जड काम होत नाही मग". बाईनं मात्र पोट फाडून घ्यायचं आणि पंधरा दिवसांत घागर उचलायची.

आबा६८
पोरी, १९७६ साल बघितलंय मी, आणीबाणीतली सक्तीची नसबंदी. जीप दिसली की माणसं उसात पळायची. ज्यांना धरून नेलं त्यांच्या घरात सरकारी दवाखान्याचं नाव अजून नको वाटतं. ते भ्या असं जात नसतं.

माहेरवाशीण_लातूर
आबा मान्य, पण २०१४ ला छत्तीसगडच्या बिलासपूरला नसबंदीच्या शिबिरात ऑपरेशन करून १३ बायका गेल्या, म्हणून बायकांनी ऑपरेशन थांबवलं का? थांबवायची मुभाच नव्हती. तुमच्या भ्याला पन्नास वर्षं सवलत, आमच्या भ्याला कोण विचारतंय.

आबा६८
हे मात्र खरं बोललीस.

सोयाबीन_४०पोती
ते सगळं राहूदे, बांधावरच्या, तुझं स्वतःचं बीपी किती आहे ते सांग. काकाला हाय म्हणजे घरात हाय.

बांधावरचा
वय ३६. नाय मोजलं अजून. आता फवारणी चालू आहे, ती उरकली की जातो.

खोकला_तपासनीस
😂😂

उपकेंद्रवाली_ताई
तुमच्या गावातली डेअरी सकाळी किती वाजता उघडते?