उपवासकाळात तरुण संघाला कोणता सिनेमा दाखवावा?

पडद्यामागचा_पोरगा, पुणे

सर्वांना सलाम.

उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या, एका शुक्रवारी आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाला सिनेमा दाखवायचं काम यंदा माझ्याकडे आलं आहे. मुलं-मुली पंचवीसेक, बहुतेक कॉलेजातली. दरवर्षी लूकच्या शुभवर्तमानावरचा १९७९ सालचा 'जीझस' दाखवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो मी पहिल्यांदा पाहिला आजोळी, नगर जिल्ह्यात, चर्चच्या आवारात. दोन कडुलिंबांच्या मध्ये पांढरं कापड ताणलेलं असायचं. पुढची जागा मोठ्या माणसांनी भरली की आम्ही पोरं कापडाच्या मागे जाऊन बसायचो. तिथून सगळं उलटं दिसायचं. येशू आशीर्वाद द्यायचा तो डाव्या हाताने. वारा आला की कापड फुगायचं आणि क्रुसावरचा चेहरा श्वास घेतल्यासारखा पुढे यायचा. तो आता उतरून आपल्याकडे येणार, असं मला खरोखर वाटायचं.

यंदा मात्र मनात दुसरा सिनेमा आहे. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'विंटर लाइट', १९६३ सालचा. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म आर्काइव्हमध्ये कॉलेजात असताना पाहिला होता. तेव्हा छायाचित्रणावरच बोलत बाहेर पडलो. सुरुवातीलाच प्रभुभोजनाची पूर्ण उपासना आहे, स्वीडनमधल्या एका खेड्यातली. चर्चमध्ये मोजकी माणसं, बाहेर बर्फ. पाळक टोमास भाकर देतो, प्याला पुढे करतो, आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबतो. घाई नाही.

दोन वर्षांपूर्वी वडील शेवटचे चार महिने अंथरुणावर होते. मणक्याचं दुखणं, रात्र रात्र झोप नाही. सुरुवातीला मंडळीतून माणसं प्रार्थनेला यायची, पुढे येणं कमी झालं. एकदा पहाटे त्यांनी मला विचारलं, "तो ऐकतोय का रे?" त्याच वर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्यावर बोलायचं माझ्याकडे होतं: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" बारा मिनिटं बोललो. सगळं वाचून काढलेलं होतं, चुकीचं काहीच नव्हतं. घरी आलो आणि वडिलांच्या डोळ्यांकडे बघवेना.

काही दिवसांनी त्यांच्या खाटेजवळ बसून, कानात इयरफोन घालून तोच सिनेमा पुन्हा लावला. शेवटाकडे चर्चचा सेवक आल्गोत येतो. पाठीला बाक आलेला, कायम वेदनेत असलेला माणूस. तो पाळकाला म्हणतो की ख्रिस्ताच्या देहाच्या यातनांवर आपण फारच भर देतो. वेदना मलाही ठाऊक आहेत, त्याच्या तर काही तासांत संपल्या. शिष्य झोपले, मग पळून गेले, ज्यांच्याबरोबर तीन वर्षं काढली त्यांना काही कळलंच नव्हतं, आणि शेवटी क्रुसावरून हाक मारली तर बापही गप्प. तेच सगळ्यात जड गेलं असेल ना, असं तो विचारतो. हे तो अगदी हळू, संकोचत बोलतो. मी सिनेमा थांबवला, वडिलांना उठवून बसवलं आणि आल्गोतचं बोलणं मराठीत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्याला माहीत आहे."

म्हणून हाच सिनेमा दाखवावासा वाटतो. एक वडीलधारे म्हणाले, पाळकाचाच विश्वास डळमळतो असा सिनेमा पोरांना दाखवून काय साधणार? प्रश्न रास्त आहे, मला झटकता येत नाही. कुणी असा सिनेमा मंडळीत दाखवला आहे का? की दुसरा निवडू?

वसईची_बाय

दादा, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून थांबले.

मी वसईची, कॅथलिक. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांना धर्मशिक्षण देते. मी 'बाबेट्स फीस्ट' दाखवला होता, १९८७ चा डॅनिश सिनेमा, दिग्दर्शक गॅब्रिएल अ‍ॅक्सेल. जटलंडच्या किनाऱ्यावर दोन वयस्क बहिणी, एका कडक धर्मगुरूच्या मुली, सुके मासे आणि पावाची पेज खाऊन राहतात. १८७१ च्या पॅरिसमधल्या कत्तलीतून पळालेली बाबेट त्यांच्याकडे स्वयंपाकीण होते. चौदा वर्षांनी तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते आणि ती सगळी रक्कम एका जेवणावर खर्च करते. बारा माणसांचं जेवण. वर्षानुवर्षं एकमेकांवर रुसलेली ती म्हातारी मंडळी आधी ठरवून बसतात की अन्नाबद्दल एक शब्द काढायचा नाही. आणि मग वाइनचा घोट घेतल्यावर चेहरे कसे सैल पडत जातात, ते पाहाच.

माझी आजी लग्नाघरी दोनदोनशे माणसांचं रांधायची. मिस्सेला मात्र कायम शेवटच्या बाकावर, हाताला कांद्याचा वास येतो म्हणून. बाबेट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दमून एकटी बसते तिथे मला आजी दिसली. वेदीवर आणि चुलीवर एकाच प्रकारचं देणं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ मध्ये कुटुंबप्रेमावरच्या आपल्या पत्रात या सिनेमाचा उल्लेख केला आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांची समजूत घालायला सोपं जाईल. कॉलेजच्या मुलांना आधी हा दाखवा, बर्गमन पुढच्या वर्षी.

त्र्यंबकचा_रसिक

मी ख्रिस्ती नाही, पण या विषयाशी आपल्या सगळ्यांचं नातं आहे. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि तो बघत असतानाच त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र उभे राहिले, असं त्यांनी स्वतः १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहून ठेवलं आहे. तो ख्रिस्तपट पाहिल्यानंतर, १९१३ मध्ये, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या सिनेमाच्या मुळाशीच एक माणूस अंधारात बसून येशूकडे पाहतो आहे, आणि त्यातून त्याला स्वतःचे देव दिसतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

माझं मत इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीच्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या १९६४ च्या सिनेमाला. दिग्दर्शक नास्तिक, मार्क्सवादी, आणि सिनेमा अर्पण केला आहे पोप तेविसाव्या जॉन यांच्या स्मृतीला. संवाद मत्तयाचेच. दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात चित्रण, नट नसलेली साधी माणसं, आणि म्हाताऱ्या मरियेच्या जागी दिग्दर्शकाची स्वतःची आई. क्रुसाखाली ती कोसळते तेव्हा मला धर्म आठवत नाही. आई आठवते.

निवृत्त_पाळक, अहिल्यानगर

सलाम. चाळीस वर्षं उपदेश केला, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

वसईच्या ताईंची सूचना चांगली आहे, पण तुम्ही तो सिनेमा आणलात तर तो ताईंचा असेल. तुमच्याजवळ 'विंटर लाइट' आहे, कारण तुम्ही तो वडिलांच्या खाटेजवळ पाहिला आहे. तोच दाखवा.

पाळकाचा विश्वास डळमळतो याची भीती मला वाटत नाही. माझाही डळमळला आहे, आणि त्या रविवारीही मी झगा चढवून उभा राहिलो आहे. त्या सिनेमाचा शेवट आठवा. दुसऱ्या चर्चमध्ये संध्याकाळच्या उपासनेला मंडळी कुणीच नाही, बाकावर एकटी शिक्षिका मार्ता, आणि तिचा तर देवावर विश्वासच नाही. तरी टोमास वळतो आणि "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणायला लागतो. पोरांना ते ढोंग वाटेल की आज्ञापालन, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सिनेमात एक कोळी आत्महत्या करतो. पंचवीस पोरांत एखादं त्या काठावर असू शकतं, म्हणून आधी सांगा, आणि नंतर बोलायला कुणीतरी जाणतं माणूस तिथे थांबू द्या. दुसरं, सिनेमा संपल्यावर लगेच उपदेश करू नका. आमच्या पिढीने तेच केलं. दिवे लागले की माइक हातात.

पडद्यामागचा_पोरगा, पुणे

ताई, रसिकभाऊ, पाळकसाहेब, मनापासून आभार. काल ज्यांनी हरकत घेतली होती त्यांना घरी बोलावून शेवटची वीस मिनिटं दाखवली. आल्गोतच्या प्रसंगानंतर त्यांनी फक्त तारीख विचारली. त्या दिवशी शेवटपर्यंत थांबणारही आहेत ते.

ताई, 'बाबेट' ईस्टरनंतर दाखवणार, आणि त्या संध्याकाळी जेवण मुलांनीच रांधायचं असं ठरलं आहे.

मराठी उपशीर्षकं मीच टाइप करतो आहे, निम्मी झाली. आल्गोतच्या बोलण्यापाशी अडलो होतो. "देवाचं मौन" लिहिलं, ते पुस्तकी वाटलं. "देव गप्प" लिहिलं, ते वडिलांना सांगितलं होतं तसं. तेच ठेवलं. चौथा उद्गार मात्र आपल्या पवित्र शास्त्रातला, जसाच्या तसा. तो खाली पांढऱ्या अक्षरांत आला तेव्हा आई शेजारी बसली होती. तिने तो हळूच मोठ्याने वाचला.

हॉलमध्ये पडदा आहे. पण मी आजोळहून ते जुनं कापड मागवलं आहे.