शॉर्टवेव्हवर कोणता पट्टा कधी लावायचा?

कोरडवाहू_यवतमाळ
डिजिटल रेडिओ घेतला आहे. एफएम आमच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून बाकीचे पट्टे समजून घ्यायचे आहेत. शॉर्टवेव्हवर ४९, ४१, ३१, २५, १९ मीटर असं लिहिलंय. यातलं कधी काय लावायचं? दुपारी स्कॅन केलं तर एक-दोन ठिकाणीच थांबतो. मीडियमवेव्हवर नागपूरचं ५८५ लागतच नाही, ५८० नंतर थेट ५९०. शिवाय शॉर्टवेव्हभर टक… टक… टक चालूच.

तारवाला
भाऊ, आधी ५८५ चं बघा. रेडिओ १० किलोहर्ट्झच्या टप्प्यावर आहे, आपल्याकडे ९ चा लागतो. बहुतेक सेटवर रेडिओ बंद असताना एक बटण दाबून धरलं की टप्पा बदलतो. कोणतं बटण ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. मीडियमवेव्हला वरची दांडी ओढून उपयोग नाही. त्याचा अँटेना म्हणजे आतली फेराइटची कांडी, तेव्हा अख्खा रेडिओच फिरवून बघा.

मीटरचं गणित सोपं आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. ९.६ मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण ३१ मीटर. दुपारी १९ आणि २५ मीटर (१५१०० ते १५८००, ११६०० ते १२१०० किलोहर्ट्झ) लावा. दिवे लागले की ३१ आणि ४१, रात्र चढली की ४९ (५९०० ते ६२००). उन्हात आकाशातला खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि तेच पट्टे लांबून येऊ लागतात. स्कॅनवर विसंबू नका, तो बारीक केंद्रं सोडून जातो. ५ किलोहर्ट्झच्या टप्प्याने हातानेच फिरवा.

रात्रपाळी
टकटक सेकंदाला एकाच्या आसपास असेल तर ते रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला लावलेलं झटका मशीन. तारेला गवत किंवा तुरीचं झाड टेकलं की तिथे ठिणगी उडते आणि आवाज वाढतो. कुंपणाच्या कडेने रेडिओ घेऊन चाला. जिथे टकटक सर्वात मोठी, तिथली तार मोकळी करा. तार धरणारा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलेला असेल तर बदला. फक्त १०००० किलोहर्ट्झवरच टिकटिक ऐकू आली तर मात्र ती चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राची असू शकते, ती बिघाड नव्हे.

सलग घरघर येत असेल तर एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर एकेक काढून बघा. लाईन गेल्यावर सेलवर ऐकलं तर फरक लगेच कळतो.

कोरडवाहू_यवतमाळ
घरावर टिन आहे. बाहेर तार टाकू का?

तारवाला
टाकाच, टिनाखाली शॉर्टवेव्ह नीट येत नाही. १ चौरस मिमीची साधी वायर ८-१० मीटर घ्या. लांबचं टोक नायलॉनच्या दोरीने कडुनिंबाला बांधा, दुसरं चिमट्याने रेडिओच्या दांडीला लावा. याहून लांब केली तर स्वस्त सेट गुदमरतो, एकच केंद्र चार ठिकाणी ऐकू येतं. विजेच्या तारेवरून किंवा खालून नेऊ नका. आभाळ भरून आलं की गडगडाटाची वाट न पाहता चिमटा काढा आणि तार घराबाहेर ठेवा.