दोर कुरतडणारे उंदीर, आणि 'लपवलेला धर्म'

कांचनसंध्या :

गेले तीन आठवडे रात्री जेवणं उरकली की मी लेकीला सी. एस. लुईसचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' वाचून दाखवते. ती दहा वर्षांची आहे, मराठी शाळेत जाते. त्यामुळे पान इंग्रजी आणि तोंडाने मराठी, असं आमचं चालतं. परवा अस्लानच्या मरणाचं प्रकरण आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या लोभाने भावंडांना दगा देतो. हे घडतं नार्निया या जादूच्या देशात, आणि तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे दगाबाजाचा जीव गोऱ्या चेटकिणीचा. त्याच्या बदल्यात अस्लान हा सिंह स्वतः तिच्या हवाली होतो. त्याला दोरांनी आवळतात, त्याची आयाळ भादरतात, दगडी चौथऱ्यावर त्याला मारतात. एडमंडच्या बहिणी सूझन आणि ल्यूसी रात्रभर त्याच्याजवळ बसून राहतात. पहाटेच्या सुमाराला गवतातून चिमुकले उंदीर येतात आणि ते दोर कुरतडायला लागतात.

लेक अंथरुणात उठून बसली. "अगं पण तो तर मेलाय. आता कुरतडून काय उपयोग?" ल्यूसीही तेच म्हणते, बिचाऱ्यांना तो मेल्याचं कळलेलंच नाही. मी पुढचं वाचलं नाही. दिवा मालवला. अंधारात बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, "तरी पण बरं केलं त्यांनी."

हे मी आमच्या वाचनगटात सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "ते मिशनरी पुस्तक आहे, सिंह म्हणजे येशू. मुलीला सांगितलंस का?" सिंह कोण ते मला ठाऊक आहे. लुईसनेही ते कधी लपवलं नाही. पण त्याने हेही लिहून ठेवलंय की या गोष्टी चित्रांपासून सुरू झाल्या. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, अर्धा माणूस अर्धा बोकड असा एक फॉन. हे चित्र तो सोळा वर्षांचा असल्यापासून त्याच्या डोक्यात होतं. तेव्हा तो नास्तिक होता. पुस्तक आलं १९५० साली. म्हणजे चित्र आधी आणि श्रद्धा नंतर. मग एका टप्प्यावर सिंह आपणहून उडी मारून गोष्टीत आला. मी हिंदू घरातली, देवळात जाणारी बाई आहे, आणि मला वाटतं की लुईससारख्या ख्रिस्ती लेखकांची कल्पनाशक्ती प्रवचनाची नोकर नव्हती. त्यांची श्रद्धा खरी होती म्हणून ती कल्पनेत उतरली, जशी मुळांतली ओल पानात उतरते. तुम्हाला काय वाटतं?

ठिणगी :

मला हे पटत नाही. चित्र आधी आलं असेल, पण त्या चित्राचं पुढे काय करायचं हे लुईसने जाणूनबुजून ठरवलं. १९५६ च्या लेखात त्याने स्वतः लिहिलंय की लहानपणी देवाबद्दल अमुकच वाटलं पाहिजे अशी सक्ती झाल्यामुळे त्याच्या भावना गोठून गेल्या. मग त्याने विचार केला की रविवारच्या शाळेचा वास काढून टाकून हेच सगळं एका काल्पनिक जगात ठेवलं, तर दारावर जागता पहारा देणाऱ्या ड्रॅगनांच्या नजरेआडून ते आत नेता येईल. कांचनताई, तो पहारा म्हणजे वाचकाची विचारशक्ती. दहा वर्षांच्या मुलीच्या विचारशक्तीला बगल देऊन काही आत न्यायचं, हे मला साधं वाटत नाही.

आणि आत काय काय जातं तेही बघा. नार्नियाच्या मालिकेतल्या शेवटच्या पुस्तकात सूझनला नार्नियाबाहेर ठेवलंय, आणि कारण काय सांगितलंय? तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची निमंत्रणं यातच रस आहे. कादंबरीकार फिलिप पुलमनने १९९८ साली यावरच हल्ला चढवला होता आणि त्याचा राग रास्त होता. दुसरं म्हणजे कॅलोर्मेन या दक्षिणेकडच्या देशातले लोक. सावळे, फेटेवाले, वाकड्या तलवारी बाळगणारे, गुलाम ठेवणारे, आणि त्यांचा देव टाश गिधाडाच्या डोक्याचा, चार हातांचा. चार हातांचा देव राक्षसी, हे आपल्या पोरीला वाचून दाखवताना तुमचा आवाज अडखळणार नाही?

चांदणवेल :

ठिणगी, पहारेकरी म्हणजे विचारशक्ती, हे तुम्ही स्वतःचं घातलंत. लुईस बोलतोय ते सक्तीच्या भक्तिभावाबद्दल, 'हात जोड, डोळे मीट, आता तुला भरून आलं पाहिजे' याबद्दल. तो पहारा प्रत्येक धर्माच्या घरात असतो.

पण या परंपरेचं मूळ पाहायचं तर लुईसच्या आधी जॉर्ज मॅकडोनाल्ड वाचायला हवा. हा स्कॉटिश माणूस १८२४ चा. अरंडेलच्या चर्चमध्ये पाळक होता. देवाची दया कुणापर्यंत पोचते याबद्दलची त्याची मतं मंडळींना खपेनात, त्यांनी पगार कापला, आणि १८५३ मध्ये त्याने ती जागा सोडली. व्यासपीठ गेलं आणि मग परीकथा आल्या. त्याचं 'फँटास्टीज' (१८५८) लुईसने १९१६ साली रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर घेतलं, आणि पुढे लिहिलं की त्या रात्री माझ्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला. बुद्धीचा व्हायला आणखी पंधरा वर्षं गेली.

'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' (१८७२) मध्ये आयरीन नावाची लहान राजकन्या आहे. वाड्याच्या माडीवर तिची खापरपणजी राहते, कोळ्याच्या तंतूंचं सूत कातते आणि त्याचा एक धागा आयरीनच्या अंगठीला जोडून देते. धागा दिसत नाही, फक्त बोटाला लागतो. संकटात त्याच्यामागे जायचं, एवढंच सांगणं. तो धागा तिला घराकडे नेत नाही. डोंगराच्या पोटात, दगडांच्या ढिगाऱ्यापाशी नेतो, आणि तिथे पलीकडे कर्डी हा खाणीतला मुलगा अडकलेला असतो. सुटल्यावर ती त्याला माडीवर नेते, "ही बघ माझी आजी." त्याला तिथे दिसतं ते असं : गवताचा ढीग, एक सुकलेलं सफरचंद, छपरातून आलेला उन्हाचा कवडसा. त्याला वाटतं ही आपली थट्टा करतेय. आयरीन रडते. आजी एवढंच म्हणते की त्याला वेळ दे.

ठिणगी, 'याला दिसत नाही म्हणून हा वाईट' असं या गोष्टीत कुठेही नाही. मॅकडोनाल्डने १८९३ च्या निबंधात लिहिलंय की परीकथेने वाचकाला अर्थ वाटत सुटू नये, त्याच्या आत जे निजलेलं आहे ते जागं करावं. माझ्या दृष्टीने या सगळ्या साहित्याचा कस इथे लागतो. लुईस या कसाला काही पानांवर उतरतो, काही पानांवर नाही.

वसईचा वारा :

मी कॅथलिक, वसईचा. लुईसचा मित्र आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन, त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

टॉल्किनला नार्निया आवडलं नव्हतं. रूपकांचाच त्याला कंटाळा होता, तसं त्याने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून टाकलंय. आणि तरी १९५३ साली एका धर्मगुरू मित्राला तो लिहितो की हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत तसं झालं, नंतर सुधारताना जाणून. त्यात चर्च नाही, पूजाअर्चा जवळजवळ नाही. मग कॅथलिक काय आहे? ज्या दुष्ट अंगठीभोवती गोष्ट फिरते ती नष्ट होते तो दिवस २५ मार्च आहे. आमच्याकडे तो मरियेला देवदूताने निरोप दिल्याचा सण. हे माहीत नसलं तरी गोष्टीचं काहीच बिघडत नाही.

त्याने १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूजला परीकथांवर व्याख्यान दिलं. त्यातला विचार मला रोज उपयोगी पडतो. माणूस निर्माण केला गेलाय आणि तोही निर्मात्याच्या प्रतिमेत, म्हणून तोही छोटी जगं निर्माण करतो. करण्याचा त्याला हक्कच आहे.

हे मला व्याख्यान वाचण्याआधीच आजोबांनी शिकवलं होतं. नाताळच्या आधी दोनेक आठवडे ते पसरट भांड्यात माती घालून नाचणी पेरायचे, म्हणजे येशूजन्माचा गोठा मांडेपर्यंत बोटभर हिरवं उगवून येई. गोठ्यापुढे ते हिरवं शेत, त्यात पुठ्ठ्याची विहीर, लाकडी बैलगाडी, आणि एका कडेला आमच्या गावासारखी केळीची बाग. बेथलेहेमात नाचणी नव्हती आणि केळीही नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं तर म्हणाले, "तो आपल्याकडे आला असता तर काय बघितलं असतं त्याने?"

दीपस्तंभ :

सर्वांना सलाम. मी नगरकडची, प्रॉटेस्टंट मंडळीतली, तीस वर्षं रविवारच्या शाळेत लेकरांना शिकवते. माझी हरकत ठिणगींच्या बरोबर उलट आहे. ठिणगी म्हणतात पुस्तकात ख्रिस्त फार आहे, मला वाटतं जादू फार आहे.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा आणि मंत्रतंत्र यांची स्पष्ट मनाई आहे. रोमकरांस पत्रात पौल सांगतो की देवाला ओळखूनही लोक आपल्याच कल्पनांच्या नादी लागले आणि त्यांचं मन अंधारलं. कल्पना ही निरुपद्रवी वस्तू नाही. माझ्या वर्गात अंगात येणं, उतारे, करणी यांतून बाहेर आलेल्या घरांतली मुलं बसतात. 'चेटकीण' हा शब्द त्यांच्यासाठी परीकथेतला नाही, शेजारणीवर घेतलेल्या आळाचा आहे. त्यांच्यापुढे मी चांगली जादू आणि वाईट जादू असा फरक कसा मांडू? आमच्याकडे शुभवर्तमान आहे. त्याला सिंहाचं कातडं कशाला पांघरायचं?

वसईचा वारा :

दीपस्तंभताई, तुमच्या वर्गातल्या मुलांबद्दलचं अगदी मान्य. तो शब्द तिथे जड आहे, आणि तुम्ही मुलांना ओळखता, मी नाही.

पण एक विचारू का? गोठ्यातला बैल आणि गाढव दोन्ही शुभवर्तमानांच्या मजकुरात नाहीत. यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या बैल-गाढवाच्या ओळीवरून लोकांनी ते तिथे आणून उभे केले. चांगला शोमरोनी, वाटेतल्या जखमी परक्याला उचलून नेणारा, हाही येशूने रचलेल्या गोष्टीतलाच माणूस. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नावर त्याला नियम सांगता आला असता. त्याने यरीहोची वाट, लुटारू आणि गाढवावर घातलेला जखमी माणूस दाखवला.

आणि आपल्या भाषेत तर हे फार जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटने गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचलं, १६१६ मध्ये छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या. त्याने पुराण हा शब्दच घेतला, ओवी घेतली, वैकुंठ हा शब्दसुद्धा घेतला.

चांदणवेल :

यात जॉन बनियन या इंग्रज लेखकाचीही भर घालते, कारण तो तर कडक शिस्तीच्या प्युरिटन पंथातला. बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढलेला माणूस. त्याची 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' ही यात्रेकरूची रूपककथा १६७८ ला आली, आणि सुरुवातीलाच त्याने पद्यात आपली बाजू मांडली, कारण 'हे रचलेलं आहे, खोटं आहे' अशी हरकत त्याच्याच मंडळींनी घेतली होती. त्याचं उत्तर होतं की पवित्र शास्त्रच छाया, दृष्टान्त आणि रूपकं यांनी भरलेलं आहे. हरि केशवजींनी १८४१ मध्ये ते मराठीत आणलं, 'यात्रिकक्रमण'. मराठी कादंबरीच्या अगदी उंबरठ्यावर हे पुस्तक उभं आहे.

ठिणगी :

वाचतोय. मॅकडोनाल्डची ती माडीवरची खोली मनात राहिली.

पण माझा प्रश्न कुणी घेतलाच नाही. अर्थ वाचकाच्या आत जागा व्हायचा, टॉल्किनच्या पुस्तकात चर्च नाही, मॅकडोनाल्डच्या आजीला कोणीही आजी म्हणू शकतो. मग या सगळ्याला 'ख्रिस्ती' तरी का म्हणायचं? एक तर त्यातला धर्म महत्त्वाचा आहे आणि म्हणून त्याची चिकित्सा झाली पाहिजे, किंवा तो महत्त्वाचा नाही आणि या नुसत्या चांगल्या गोष्टी आहेत. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही.

कांचनसंध्या :

ठिणगी, प्रश्न खरा आहे. दोन दिवस मनात घोळवला.

धर्म महत्त्वाचा आहे. तो बाजूला काढला तर गोष्ट उभीच राहत नाही. टॉल्किनचा नायक फ्रोडो बघा, अंगठी नष्ट करायला निघालेला, तो शेवटी हरतो. हजार मैलांची वणवण करून तो ज्वालामुखीच्या कडेवर पोचतो आणि अंगठी टाकायला नकार देतो. ती 'माझी' म्हणून बोटात घालतो. नायक ऐन क्षणी पडतो आणि तरी काम होतं, कारण मागे कधीतरी, अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने आणि मग फ्रोडोने, अंगठीने पछाडलेल्या गॉलमची कीव येऊन त्याला जिवंत सोडलेलं असतं. तोच गॉलम अंगठी हिसकावतो आणि तिच्यासकट खाली पडतो. आपल्या पुराणांत मी हे असं शोधलं. तिथे तप आहे, वर आहे, शाप आणि उःशाप आहे, देव धावून येतो तेही आहे. पण जिंकायला आलेल्याच्या हातून काही होत नाही आणि त्याने पूर्वी दाखवलेली दया त्याच्या नकळत काम करून जाते, ही वळणाची जागा मला ख्रिस्ती वाटली. ती टॉल्किनच्या श्रद्धेतून आली. मी ख्रिस्ती नाही, पण वाचताना माझा श्वास अडकला.

माझे वडील देव मानत नव्हते. आषाढीला रेडिओवर तुकोबांचा अभंग लागला की हातातलं काम थांबवून ऐकायचे. अभंगातला विठ्ठल काढून टाका म्हणजे मी ऐकीन, असं ते कधी म्हणाले नाहीत. विठ्ठल मानलाही नाही. मला तसं वाचायचं आहे, आणि लेकीलाही तसं वाचता यावं.

सूझनबद्दल तुमचं बरोबर आहे. मला ते पान बोचतं. लुईसने तिचा शेवट उघडा ठेवलाय, ती जिवंत आहे, हे खरं, पण तिच्याबद्दल जे शब्द वापरलेत ते हलके आहेत.

दीपस्तंभ :

कांचनताई, तुमच्या वडिलांचं वाचून डोळे भरले. माझं मत मी बदललेलं नाही. वर्गात चेटकीण आणणार नाही. वसईच्या दादांचा बैल-गाढवाचा मुद्दा मात्र मी घरी नेला, त्यावर उत्तर सापडलेलं नाही. ती सूत कातणारी आजी मी स्वतः आधी वाचून बघेन.

ठिणगी :

फ्रोडोचं मान्य, शंभर टक्के. कॅलोर्मेनचं नाही.

चांदणवेल :

'द लास्ट बॅटल' या त्याच शेवटच्या पुस्तकातला एमेथ विसरू नका. आयुष्यभर टाशला भजणारा कॅलोर्मेनी शिपाई, आणि अस्लान त्याला म्हणतो की तू टाशच्या नावाने जे चांगलं केलंस ते माझ्याकडेच पोचलं. कट्टर ख्रिस्ती वाचक लुईसवर या पानासाठी अजून नाराज आहेत.

ठिणगी :

माहीत आहे. पण त्यातही 'तुझी भक्ती खरी तर माझीच होती' असंच आहे ना? टाशच्या भक्ताला टाशचा भक्त म्हणून जागा मिळत नाही. आणि एक चांगला शिपाई दाखवला म्हणून बाकी सगळा देश तसाच राहतो. कांचनताई, 'द हॉर्स अँड हिज बॉय' वाचायला घ्याल तेव्हा ती वर्णनं गाळू नका. वाचा, आणि तिला विचारा.

कांचनसंध्या :

गाळणार नाही. काल पहिलं पुस्तक संपलं. अडकलं ते एकाच ठिकाणी, एडमंडच्या मिठाईपाशी. टर्किश डिलाईटला काय म्हणावं सुचेना. गुलाबपाण्याची, पिठीसाखरेत घोळवलेली मऊ वडी असं सांगितलं, तर लेक म्हणाली, "कराची हलवा? त्यासाठी कोण भावाबहिणींना विकेल?" मग तिला सांगितलं की हे पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात मिठाई रेशनवर होती, १९५३ पर्यंत. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रेशन होतं तरी त्याने एकट्यानेच खाल्ली."

उंदरांचं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये अस्लानच सांगतो की त्या पहाटे दोर कुरतडले तेव्हापासून नार्नियाच्या उंदरांना वाचा फुटली. ते पुस्तक शुक्रवारी सुरू करतोय, तिचं तिलाच सापडू दे. घोड्याच्या पुस्तकापर्यंत पोचलो की ठिणगी, ती काय म्हणते ते इथे येऊन लिहीन.