विरारला फ्लॅट घ्यावा का, गाव नक्की कसं आहे?

प्रश्न: बजेटमध्ये विरारच बसतंय. पण राहणारी माणसं कशी आहेत? ‘लोकलला गर्दी असते’ एवढंच सांगू नका राव, ते माहितीये.

उत्तर १: पूर्व का पश्चिम ते आधी सांगा, दोन वेगळी गावं समजा. २००९ ला चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांच्या वर लोक होते, आता किती असतील विचारच करा. स्टेशनजवळ नुसत्या बिल्डिंगा, पण आगाशी-निर्मळकडे वळलात की अजून केळीच्या वाड्या दिसतात.

उत्तर २: मूळचे वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी, सामवेदी बोलणारे कुपारी ख्रिस्ती. बाकी आम्ही सगळे मुंबईत घर परवडेना म्हणून आलेले. पश्चिमेच्या बाजारात लाल लुगड्यातल्या आज्या वाडीतली भाजी घेऊन बसतात, वांगी एकेक निवडून देतील पण भाव एक रुपया कमी करणार नाहीत 😄

उत्तर ३: ते सगळं ठीक, बिल्डरला आधी पाण्याचं विचार. नळ दाखवतात, पाणी टँकरचं असतं. सोसायटीत राहणाऱ्यालाच गाठ, आणि पावसाळ्यात एक चक्कर मार, रस्ता तुंबतो का कळेल.

प्रश्नकर्ता: पश्चिमच बघतोय. टँकरचं डोक्यातच नव्हतं, रविवारी जाऊन विचारतो.