फॉरवर्ड ब्रेकआऊट केबल कापून रिव्हर्स करता येईल का?

नमस्कार मंडळी,

घरच्या बॅकअपसाठी १२ डिस्कचं जुनं सर्व्हर कॅबिनेट घेतलंय. बॅकप्लेनवर (डिस्क जिथे खोचतात त्या मागच्या बोर्डवर) एसएफएफ-८०८७ चे (चार डिस्कच्या तारा एकत्र नेणारे) तीन कनेक्टर, प्रत्येकावर चार डिस्क. एक्सपांडर चिप (एका जोडणीवर जास्त डिस्क चालवणारी) नाही, बोर्ड काढून बघितलाय. सध्या चारच डिस्क लावायच्यात आणि मदरबोर्डचे साटा (साध्या डिस्क जोडायचे) पोर्ट रिकामेच आहेत. एचबीए कार्डाला (डिस्क जोडायच्या वेगळ्या कार्डाला) जागा नाही, एकुलता एक मोठा स्लॉट १० गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाने अडवलाय.

कॅबिनेटबरोबर आलेली केबल फॉरवर्ड ब्रेकआऊट आहे, म्हणजे ८०८७ चं टोक एचबीए कार्डाला आणि साटाची चार टोकं डिस्कला. मला नेमकं उलटं हवंय. ही लावली तर पाठवणारी जोडी पाठवणारीलाच भिडते, डिस्क दिसणार कुठून?

आता साटाच्या सात पिना बघा. १, ४, ७ ग्राउंड. २ प्लस, ३ मायनस ही एक जोडी; ५ मायनस, ६ प्लस ही दुसरी. म्हणजे २ ची ६ शी आणि ३ ची ५ शी अदलाबदल केली की काम व्हायला हवं. कागदावर तरी चोख बसतं.

साटाचं टोक कापून असं सोल्डरिंग कोणी केलंय का? टिकतं का? लिंक ६ ऐवजी ३ गिगाबिटवर बांधायचीही तयारी आहे. सेकंदाला ३०० एमबी फिरत्या डिस्कला पुरे.

उत्तर:
पिनांचा हिशेब बरोबर आहे, तरी करू नका. केबलमधली प्रत्येक जोडी १०० ओहम इंपिडन्स (वेगवान सिग्नलला होणारा अडथळा) धरून बनवलेली असते. फॉइल सोलून तारा सुट्या केल्या की तेवढ्या तुकड्यात तो बिघडतो आणि सिग्नल तिथूनच थोडा परत फिरतो. वाईट म्हणजे डिस्क दिसेल, कॉपीही सुरू होईल. मग स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातला) १९९ नंबरचा सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा हळूहळू चढेल. ३ गिगाबिटवर कदाचित तगेल, पण बॅकअपच्या डिस्कवर ‘कदाचित’ कशाला?

तयार रिव्हर्स ब्रेकआऊट मिळते, अर्ध्या मीटरची घ्या. विकणाऱ्याला ‘बॅकप्लेनकडे ८०८७, मदरबोर्डकडे साटा’ असं स्पष्ट विचारा, दोन्ही केबली दिसायला सारख्याच. साइडबँडची (डेटाची नव्हे, दिव्यांसारख्या इशाऱ्यांची) वायर मोकळी राहिली तर डिस्क चालतातच, फार तर बेवरचे (डिस्कच्या खणांवरचे) काही दिवे लागणार नाहीत.

डिस्क साटाच आहेत ना? सॅस (सर्व्हरसाठीच्या वेगळ्या प्रकारची) डिस्क त्या बॅकप्लेनमध्ये बसेल, पण मदरबोर्डच्या पोर्टला ती कळणारच नाही.

धागाकर्ता:
चारही साटाच आहेत. सोल्डरिंग रद्द, केबल मागवतो.